मेहुण्याचा नंबर कुणीच मागितला नाही

सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास कुठल्याही मोटारींच्या शोरूमसमोरून गेलात, तर काचेपलीकडे एक घोळका उभा दिसेल. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल आणि चेहऱ्यावर गृहपाठ न करता वर्गात आलेल्या मुलाचा भाव. टीम लीडर एकेकाला विचारत असतो, "काल एन्क्वायरी किती?" कुणी तीन म्हणतो, कुणी पाच. "त्यात हॉट किती?" आवाज जरा खाली येतो. "टेस्ट ड्राइव्ह?" आणखी खाली. "आज बुकिंग कोण देतंय?" या प्रश्नाला सगळ्यांचं लक्ष एकदम फरशीच्या डिझाइनकडे लागतं.

त्या पाचांत कोण कोण असतं ते घोळक्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. एक जण खरंच गाडी बघायला आलेला. दुसरा शेजारच्या बँकेत काम होतं म्हणून दहा मिनिटं एसीत टेकलेला. तिसरा कॉलेजचा पोरगा, सनरूफखाली फोटो काढून गेलेला. चौथा नंबर गेल्या वर्षीच्या यादीतून पुन्हा उठवलेला. पाचवा सख्खा मावसभाऊ. रोज अमुक एन्क्वायऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरल्याच पाहिजेत असा दंडक असला, की त्या भरल्या जातात. गिऱ्हाईक आलेलं असो वा नसो.

कार विकणाऱ्याने खरं गिऱ्हाईक शोधायचं कुठे आणि ते खरं आहे हे ओळखायचं कसं, हा या धंद्यातला सगळ्यात जुना प्रश्न. हल्ली त्याला 'क्वालिफाइड लीड' म्हणतात. लीड हा शब्द मराठी माणसाला आधी निवडणुकीच्या निकालात भेटला, अमक्याला अमुक हजारांची लीड म्हणून. शोरूममध्ये तो पुढे आला. पेठेत मात्र त्यासाठी जुना आणि नेमका शब्द आहे, पक्कं गिऱ्हाईक. मराठीत 'ओळख' म्हणजे परिचय, आणि 'ओळखणं' म्हणजे पारखणंसुद्धा. मोटार विकणाऱ्याला दोन्ही लागतात. गेल्या चाळीस वर्षांत या धंद्याने चौकशा मोजण्याची यंत्रं एकाहून एक भारी बनवली, आणि ओळखीची कामं मात्र माणसाच्या हातून एकेक करून काढून घेतली, असं माझं मत होत आलं आहे. ते का, हे पुढे.

एक काळ असा होता, की विक्रेत्याला गिऱ्हाईक शोधायचंच नव्हतं. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी आणि कोलकात्याजवळची अँबेसेडर, एवढीच निवड. गाडीसाठी नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं थांबायचं. लवकर हवी असेल तर ज्याचा नंबर लागला आहे त्याला वरचे पैसे मोजायचे. मुंबईत त्याला 'ऑन' म्हणत. विक्रेता म्हणजे रेशन दुकानदाराचा श्रीमंत चुलतभाऊ. मारुती ८०० आली तेव्हाही लाखाहून अधिक लोकांनी दहा-दहा हजार रुपये आधी भरले होते आणि १४ डिसेंबर १९८३ला पहिली चावी दिली गेली ती पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते. आगाऊ पैसे भरलेला, रांगेत उभा असलेला माणूस. याहून पक्कं गिऱ्हाईक जगात कुठे मिळणार?

१९९३मध्ये मोटार उद्योगावरचा परवाना उठला, १९९८मध्ये सँट्रो आणि इंडिका आल्या, आणि रांग उलटी फिरली. आता गाड्या उभ्या आणि माणसाची वाट बघणं चालू. त्यातही पंचाईत अशी, की एवढ्या मोठ्या देशात गाडी परवडणारी घरं अजूनही थोडीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या साधारण साडेसात टक्के घरांत कार होती. महाराष्ट्राचा आकडा नऊच्या आत. शेजारच्या गोव्याचा मात्र पंचेचाळीसच्या वर, देशात सर्वांत जास्त. म्हणजे सावंतवाडीचा विक्रेता आणि म्हापशाचा विक्रेता यांच्यात तासाभराचं अंतर, पण धंदा वेगळा. म्हापशाच्या विक्रेत्याला विचारावं लागतं, "जुनी गाडी कितीला द्यायची?" आणि सावंतवाडीच्याला, "घरात गाडी चालवतं कोण?" एकाच कंपनीचं, एकच छापील प्रशिक्षण दोघांना दिलं जातं, ही गंमत वेगळीच.

शोरूमच्या दारातून आपण होऊन आत आलेलं गिऱ्हाईक, म्हणजे वॉक-इन, हे सगळ्यात मोलाचं समजतात. एवढा वेळ काढून, पेट्रोल जाळून माणूस आला आहे. पण इथेच ओळखण्याची चूक सगळ्यात महाग पडते, कारण इथे डोळे आधी चालतात आणि कान नंतर. जानेवारी २०२२मध्ये कर्नाटकात तुमकुरूला घडलेली गोष्ट देशभर गाजली. एक शेतकरी मित्रांबरोबर पिकअप बघायला गेला. कपड्यांवरून त्याची किंमत करून विक्रेत्याने त्याच्या खिशाचा पाणउतारा केला. शेतकरी तासाभरात दहा लाख रुपये घेऊन परत आला आणि म्हणाला, आज गाडी द्या. सुट्टीचे दिवस पुढे, गाडी लगेच देणं शोरूमला जमेना; प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं, माफी मागावी लागली. पैसे हातात, गरज आजची, निर्णय घेणारा स्वतः समोर. पाठ्यपुस्तकातल्या सगळ्या कसोट्यांना उतरणारं गिऱ्हाईक ते, आणि त्यालाच बाहेर काढलं. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावी मुरलेला विक्रेता असं करणार नाही. त्याला माहीत असतं, की पायताणाला चिखल लागलेला माणूस बागेतून आला आहे आणि बाग द्राक्षाची असू शकते.

पहिलाच प्रश्न "साहेब, बजेट किती?" असा टाकणारे विक्रेते मला नवखे वाटतात. मराठी मध्यमवर्गीय माणूस त्या प्रश्नाला खरं उत्तर देतच नाही. एक तर तो दोन लाख कमी सांगतो, नाही तर "बघू, तुम्ही गाडी दाखवा" म्हणतो. मुरलेला विक्रेता आडून येतो. सध्या काय चालवता? गाडी लावता कुठे? गावी जाणं किती होतं? कुणासाठी बघताय, काका? या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक वेळा कुलूप उघडतं. कारण मोटार हौसेने बघितली जाते, पण घेतली जाते ती निमित्ताने. दुसरं मूल झालं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि रिक्षात चढता येईना. बदली झाली. निवृत्तीचे पैसे आले. मुलीचं लग्न ठरलं आणि व्याही मोठे निघाले. पावसात बायको-मुलासह दुचाकी घसरली. दुसऱ्या दिवशी तो माणूस शोरूममध्ये हजर असतो आणि त्याला सनरूफबद्दल एक अक्षरही ऐकायचं नसतं. निमित्त आणि त्या निमित्ताची तारीख, या दोन गोष्टी ज्या चौकशीला चिकटलेल्या आहेत ती लीड. बाकी सगळी माणसं गाड्यांवर प्रेम करणारी सज्जन मंडळी आहेत, त्यांना चहा द्यावा.

आणखी एक पारख आहे: निर्णय कुणाचा? बोलतो नवरा, ठरवतं दुसरंच कुणीतरी. कधी मागच्या सीटवर बसून बघणारी आजी, कधी यूट्यूबवर दहा परीक्षणं पाहून आलेला चौदा वर्षांचा मुलगा, कधी तिथे हजरच नसलेला 'गाड्यांतलं कळणारा' मित्र. नवऱ्याला मायलेज सांगत बसलेल्या विक्रेत्याने वहिनींकडे एकदाही पाहिलं नाही, म्हणून मोडलेले व्यवहार कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नोंदलेले नाहीत. तिथे कारण लिहिलेलं असतं 'प्लॅन ड्रॉप'. माझा अंदाज आहे, की या दोन शब्दांखाली मराठी घरांतली निम्मी कौटुंबिक चर्चा पुरलेली असावी.

दुसरा मार्ग ओळखीतून ओळखीचा. इथे अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा जो जिराड टाळता येत नाही. घरं बांधण्याच्या धंद्यात बुडाला म्हणून १९६३मध्ये तो शेवरोलेच्या एका डीलरकडे विक्रेता म्हणून लागला, आणि पुढच्या पंधरा वर्षांत त्याने १३,००१ गाड्या विकल्या. एकेका गिऱ्हाइकाला, समोरासमोर, घाऊक एकही नाही. १९७३ या एका वर्षात १,४२५. गिनीज बुकात नाव गेलं. त्याची एक कल्पना प्रसिद्ध आहे. अंत्यविधीला साधारण किती माणसं येतात, असं त्याने अंत्यसंस्कार करणाऱ्याला विचारलं. उत्तर आलं, सरासरी अडीचशे. लग्नांनाही तेवढीच. जिराडने त्यातून काढलं, की प्रत्येक माणसामागे अडीचशे माणसं उभी आहेत. एकाला दुखावलंत तर अडीचशे गेले. (मराठी वाचकाला अडीचशे ऐकून हसू येईल. आपल्याकडे एवढी माणसं साखरपुड्यालाच असतात, आणि त्यांची नावं, गावं, आहेराचे आकडे वहीत लिहिलेले असतात. अशी तयार यादी घरोघरी असताना आपण बाहेर लीड विकत घेतो.)

जिराड जुन्या गिऱ्हाइकांना दर महिन्याला शुभेच्छापत्र पाठवायचा, दर वेळी वेगळ्या रंगाचं, वेगळ्या आकाराचं, म्हणजे ते जाहिरात समजून फेकलं जाऊ नये. जो कोणी गिऱ्हाईक पाठवील त्याला गाडी विकली गेल्यावर २५ डॉलर, आणि ते न विसरता. त्याचं यश लोक गोड बोलण्याच्या खात्यात टाकतात. मला ते हिशेबाच्या खात्यातलं वाटतं. त्याने प्रत्येक गिऱ्हाइकाचं कार्ड ठेवलं होतं आणि गाडी कधी जुनी होणार हे त्याला गिऱ्हाइकाआधी ठाऊक असायचं. पुढे पुढे त्याला नवं माणूस शोधायची गरजच पडेना. भेटीची वेळ घेऊन लोक येत. पण त्याचं अनुकरण करताना एक गोष्ट विसरली जाते. हा माणूस पंधरा वर्षं एकाच जागी होता. आपल्या शोरूममधल्या पोराला तिथे पंधरा महिने काढले तरी ज्येष्ठ म्हणतात.

आपल्याकडे ओळखीच्या विक्रीचं सगळ्यात झगमगीत उदाहरण औरंगाबादचं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचं. ऑक्टोबर २०१०मध्ये शहरातल्या दीडशे लोकांनी मिळून एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा. एकत्र आल्यामुळे सवलत मिळाली, स्टेट बँकेने ७ टक्क्यांनी कर्ज दिलं. त्या वेळी बातम्यांचा सूर असा होता, की एवढा पैसा या शहरात आला कुठून? विक्रीच्या अंगाने विचारलं तर प्रश्न वेगळा आहे. हे दीडशे लोक एकमेकांना ओळखत होते. उद्योजक, डॉक्टर, बिल्डर, एकाच क्लबात आणि एकाच लग्नात भेटणारे. ते कुठल्याही एका विक्रेत्याच्या यादीत दीडशे वेगवेगळ्या, थंड चौकशा म्हणून पडले असते, तर त्यातले किती खरे ठरले असते? शेजारी घेतोय म्हटल्यावर ते सगळे एका झटक्यात पक्के झाले. आणि सांगण्यासारखी गोष्ट अशी, की हा घाट कुणा विक्रेत्याने घातला नव्हता. गिऱ्हाइकांनीच घातला होता. कंपनीच्या लीडचा उगम कंपनीबाहेर होता.

लहान प्रमाणावर हेच रोज होतं. ड्रायव्हिंग स्कूलचा मालक, गॅरेजवाला, एलआयसीचा एजंट, पतपेढीचा व्यवस्थापक, सोसायटीचा सेक्रेटरी. कोण गाडी शिकतोय, कुणाची गाडी तिसऱ्यांदा गरम झाली, कुणाची पॉलिसी पिकली, हे यांना आधी कळतं. यांच्याकडून आलेल्या पाचांतून दोन-तीन सुटतात असं विक्रेते सांगतात. बाहेरच्या यादीतल्या शंभरातून तेवढे सुटले तरी मिठाई वाटतात. या मंडळींना त्या मोबदल्यात काय द्यायचं, हा मात्र अवघड भाग. गॅरेजवाल्याला पाकीट दिलं तर तो गिऱ्हाइकाचा मित्र राहत नाही, आणि तो मित्र राहिला नाही तर त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. शहाणे विक्रेते म्हणूनच पैशांऐवजी कामात परतफेड करतात. कुणाचं नंबर प्लेटचं अडलेलं काम, कुणाचा विम्याचा क्लेम.

आता संगणकावरून येणाऱ्या चौकशांबद्दल. गेल्या वर्षी मेहुण्याला गाडी घ्यायची होती म्हणून मी एका संकेतस्थळावर ऑन-रोड किंमत बघायला गेलो. नंबर दिल्याशिवाय किंमत दिसेना. दिला. चहा उकळायच्या आत पहिला फोन. संध्याकाळपर्यंत नऊ, त्यांतले दोन एकाच शोरूममधून, दोन वेगवेगळ्या मुलींचे, एकमेकींचा पत्ता नसलेले. प्रत्येकीला मी सांगितलं, गाडी मला नको, मेहुण्याला हवी आहे, तो नाशिकला असतो, पाडव्याला घ्यायची म्हणतो. निमित्त होतं, तारीख होती, गाव होतं. एकीनेही मेहुण्याचा नंबर मागितला नाही. "सर, तुमचा प्लॅन कधीचा आहे?" हाच प्रश्न फिरून फिरून. त्यांच्या पडद्यावर मी 'हॉट' होतो आणि मेहुणा कुठेच नव्हता. गाडी त्याने शेवटी त्याच्या गॅरेजवाल्याने सांगितलेल्या माणसाकडून घेतली.

या मुलींचा दोष नाही. त्यांना दिवसाला ठरलेले कॉल संपवायचे असतात, आणि कॉलच्या शेवटी पडद्यावरच्या चार-पाच खणांपैकी एक निवडायचा असतो. 'मेहुणा' असा खण तिथे नाही. शिवाय नंबर विकणाऱ्याची गोम वेगळी. एकच माणूस तीन ब्रँडच्या डीलरांना तीनदा विकता येतो, आणि तिघेही त्याला आपली लीड म्हणून मोजतात. महिन्याच्या शेवटी तिघांच्या चौकशा मिळून तीन होतात, गाडी एक जाते, आणि दोन टीम लीडर दोन पोरांना झापतात.

तरी संगणकी चौकशी निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. पुण्या-मुंबईत आज माणूस शोरूमला येतो तेव्हा गाडी, रंग, व्हेरियंटसकट ठरवून येतो. आधीची सगळी भटकंती त्याने मोबाइलवर केलेली असते. त्या भटकंतीच्या काळात त्याला गाठणारा माणूस हवाच. पण बटण दाबण्याचं स्वस्तपण लक्षात ठेवावं. ३० जुलै २०२२ला स्कॉर्पिओ-एनची नोंदणी उघडली तेव्हा अर्ध्या तासात एक लाख नावं लागली. ३ ऑक्टोबर २०२४ला थार रॉक्ससाठी तासाभरात १ लाख ७६ हजार. टोकन फक्त २१ हजार. त्या लाखांत गाडी घरी नेणारे होते, तसे 'नंबर लावून ठेवू, मग बघू'वालेही होते. पूर्वीच्या दहा हजारांनी रांगेतला माणूस बांधला जायचा. आजच्या टोकनाने रांग बांधली जाते, माणूस मोकळाच.

फोनचं हे सत्र फार दिवस असंच चालेल असंही नाही. नको असलेल्या जाहिरातींच्या कॉलची तक्रार १९०९वर करता येते, आणि ट्रूकॉलरवर लाल झालेला नंबर कुणी उचलत नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. मुख्य तरतुदींना दीड वर्षाची मुदत आहे. माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी, आणि माणसाच्या संमतीने वापरायची, हा त्याचा गाभा. आरटीओच्या आवारातून, विमा एजंटाकडून, सोसायटीच्या नोंदवहीतून उचललेल्या एक्सेल याद्यांवर ज्यांचा धंदा चालतो त्यांना ही गोष्ट जड जाणार. जिराडच्या कार्डांना जड गेली नसती; ती त्याच्या स्वतःच्या गिऱ्हाइकांची होती.

गावाकडचा मामला वेगळा, आणि मला स्वतःला तोच जास्त रंजक वाटतो. २००८च्या मंदीत शहरातली विक्री अडली तेव्हा मारुतीने खेड्यांकडे मोर्चा वळवला. डीलरांनी तिथलीच, त्याच गावात राहणारी पोरं विक्रेते म्हणून नेमली. कंपनीच्या भाषेत 'रेसिडेंट' विक्रेता. या पोराला शोरूम नाही, टाय नाही. पण कुणाच्या उसाला तोड आली, कुणाचं बिल कारखान्याने अडवलं, कुणाच्या पोराला मिलिटरीत नोकरी लागली, कुणाच्या वाटणीचा दावा निकाली निघाला, हे त्याला पारावर बसून कळतं. त्याचं पंचांग पिकाचं असतं. ऊस कारखान्याला गेला की पहिल्या उचलीची वाट बघायची. तासगाव-निफाडकडे द्राक्षाची छाटणी बरी झाली असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जायचं. सोयाबीन-कापसाच्या पट्ट्यात भाव पडला तर वर्षभर फक्त रामराम घालत राहायचं. शहरातल्या व्यवस्थापकाला हे पोर 'निष्क्रिय' दिसतं. ते पेरणी करत असतं.

रस्त्यासाठी, एमआयडीसीसाठी जमिनी गेल्या की मोबदला येतो आणि त्याच्या मागोमाग गाड्या येतात. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग दहा जिल्ह्यांतून गेला. त्या पट्ट्यातल्या तालुक्यांत पैसे खात्यावर जमा झाले तसे विक्रेतेही बांधावर जमा झाले. पुण्याभोवतीच्या गावांत हे आधीच होऊन गेलं होतं. 'गुंठामंत्री' हा शब्द तिथलाच. अशा गिऱ्हाइकाला कर्ज नको असतं, घासाघीस नको असते, महिनाभरात निर्णय होतो. विक्रेत्याच्या दृष्टीने याहून पक्की लीड नाही. पण जमीन गेलेल्या घराला त्या रकमेतून पहिली खरेदी म्हणून मोठी एसयूव्ही विकावी का, असा प्रश्न कुठल्याच प्रशिक्षणात येत नाही. काही विक्रेत्यांना तो पडतो. ते लहान गाडी दाखवतात, आणि टार्गेट हुकल्याबद्दल बोलणी खातात.

पैशांची पारख ही पक्केपणाची शेवटची पायरी समजतात, कारण बहुतांश नव्या गाड्या कर्जावर जातात. सिबिलचा आकडा ३०० ते ९०० मधला. साडेसातशेच्या वर असेल तर बँकवाला हसून बोलतो. चांगले विक्रेते ही पायरी शेवटी ठेवत नाहीत. गाडी आवडली, रंग ठरला, घरी पेढे ठरले आणि मग फाइल रिजेक्ट झाली, तर एका माणसाची घरच्यांपुढे शोभा होते. तो पुन्हा त्या शोरूमची पायरी चढत नाही. त्याउलट, "साहेब, तुमचं ते जुनं क्रेडिट कार्ड आधी मिटवा, सहा महिन्यांनी या, मीच फोन करतो" असं सांगून खरंच सहा महिन्यांनी फोन करणारे विक्रेते मी पाहिले आहेत. सॉफ्टवेअरमध्ये मात्र सहा महिन्यांचा धीर नाही. तीस-चाळीस दिवसांत हललं नाही की लीड 'लॉस्ट'.

एवढं सगळं बाहेर धुंडाळताना सगळ्यात मोठा साठा शोरूमच्या मागच्या अंगणात, म्हणजे वर्कशॉपमध्ये उभा असतो. सर्व्हिसला आलेली सात वर्षांची गाडी, जिच्या क्लचचा खर्च ऐकून मालक गप्प झाला आहे. दरवर्षी नव्याने काढावा लागणारा विमा. पंधरा वर्षं भरत आलेली नोंदणी. एप्रिल २०२२पासून तिच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं. या प्रत्येक गोष्टीला तारीख आहे. पण सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आणि विक्रेता यांच्यात एक भिंत असते, दोघांची टार्गेटं वेगळी, दोघांचे साहेब वेगळे. अ‍ॅडव्हायझरला क्लच विकायचा असतो, विक्रेत्याला गाडी. मधल्या काळात मालक जुन्या गाड्यांच्या एखाद्या अ‍ॅपवर किंमत टाकून बघतो, आणि नव्या गाडीची सगळ्यात ताजी लीड दारातून बाहेर निघून जाते.

आणि ही लीड असते तरी कुणाची? पोरगा दोन वर्षांत दुसऱ्या ब्रँडकडे जातो तेव्हा गिऱ्हाईक कुणाकडे राहतं? डीलर म्हणतो माझं, कंपनी म्हणते माझ्या सर्व्हरवर आहे म्हणजे माझं, पोरगा काही बोलत नाही. त्याच्या मोबाइलमध्ये 'शिंदेकाका पांढरी बलेनो' असा नंबर जपलेला असतो. कंपन्यांनी आपल्या बाजूने उत्तर द्यायला सुरुवात केली आहे. ऑक्टोबर २०२१मध्ये मर्सिडीजने भारतात गाड्यांचा साठा स्वतःकडे घेतला, देशभर एक किंमत ठेवली, बिलही कंपनीच्या नावाने. डीलर उरला तो भेट घडवून आणणारा. जुलै २०२५मध्ये मुंबईत बीकेसीला दुकान थाटणाऱ्या टेस्लाला तर डीलरच नाही. साध्या गाड्यांच्या डीलरवर याच्या नेमका उलट ताण. डीलरांच्या 'फाडा' या संघटनेच्या हिशेबाने सप्टेंबर २०२४अखेर शोरूमांकडे ८० ते ८५ दिवस पुरेल इतका, सुमारे ७९ हजार कोटींचा माल पडून होता. संघटनेला स्वतःला एकवीस दिवसांचा पुरेसा वाटतो. व्याज रोज चढतंय अशा मालापुढे उभं राहून "काकांचं निमित्त पिकू द्या" असं कोण म्हणणार? मग सकाळच्या मीटिंगमध्ये एन्क्वायरीचा आकडा वाढवायला सांगतात आणि मावसभावाचा नंबर पुन्हा एकदा भरला जातो.

२०२५चा पितृपक्ष या बाबतीत बघण्यासारखा होता. एरवीही त्या पंधरवड्यात आपल्याकडे गाडी घरी आणत नाहीत. त्यात जीएसटी कमी होणार हे १५ ऑगस्टलाच कानावर आलं होतं, ३ सप्टेंबरला ठरलं, आणि लहान गाड्यांवरचा कर २८ आणि वर उपकर होता तो २२ सप्टेंबरपासून १८ टक्क्यांवर येणार होता. नेमकी त्याच दिवशी घटस्थापना. महिनाभर बिलं जवळजवळ थांबली, पण माणसं येत होती, बसत होती, विचारत होती. काही शोरूमांत पोरांना त्या दिवसांतही 'आज बुकिंग कोण देतंय' हेच विचारलं गेलं. काहींनी त्या पोरांना वही दिली आणि सांगितलं, येईल त्याचं घर, निमित्त आणि तारीख लिहून ठेवा. २२ तारखेला एकट्या मारुतीने सुमारे तीस हजार गाड्या दिल्या आणि ऐंशी हजारांच्या आसपास चौकशा नोंदवल्या, अशा बातम्या आल्या. त्या ऐंशी हजारांचं काय झालं ते कुणी छापलं नाही. वही ठेवलेल्या एका विक्रेत्याला मी नंतर भेटलो. त्याने त्या दिवशी सकाळपासून एकही नवीन नंबर घेतला नव्हता. चाव्या देण्यात आणि बॉनेटवर स्वस्तिक काढून देण्यात त्याला जेवायला चार वाजले होते, आणि मीटिंगमध्ये त्याच्या नावापुढे एन्क्वायरी शून्य लागली होती.